जिवाणूंची जीवनसत्त्व-वाहक प्रथिने

रक्ततपासणीच्या अहवालात 'बी-१२ कमी' असा शेरा वाचण्याची सवय शहरी वाचकाला आता झाली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते.

या जीवनसत्त्वाचे एक वैशिष्ट्य असे, की कोणतीही वनस्पती किंवा कोणताही प्राणी ते स्वतः तयार करू शकत नाही. निसर्गात ते केवळ जिवाणू आणि आर्किया या सूक्ष्मजीवांच्या पेशींतच घडते. दूध, अंडी, मासे, मांस यांत आढळणारे बी-१२ मुळात जिवाणूंकडूनच आलेले असते. औषधाच्या दुकानातील गोळीतले बी-१२ देखील कारखान्यात जिवाणू वाढवूनच मिळवले जाते. मात्र सर्वच जिवाणूंना ही विद्या अवगत नाही. सुमारे ११ हजार जिवाणूंच्या जनुकसंचांची तपासणी करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्यांपैकी ८६ टक्के जिवाणूंमध्ये बी-१२ किंवा त्याच्या भावंड-रेणूंवर अवलंबून असणारी किमान एक प्रक्रिया आहे. परंतु हे रेणू मुळापासून घडवण्याची क्षमता केवळ ३७ टक्क्यांत दिसते. उरलेल्यांना ते बाहेरून मिळवावे लागतात. हे मिळवण्याचे काम करणारी जी प्रथिने जिवाणूंच्या आवरणात बसवलेली असतात, त्यांना जीवनसत्त्व-वाहक प्रथिने म्हणतात. त्यांची रचना आणि कार्यपद्धती यांचा परिचय या लेखात करून दिला आहे.

गरज आणि अडचण

पेशीतील रासायनिक प्रक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. अनेक विकरांना आपले काम करण्यासाठी एखाद्या लहान साहाय्यक रेणूची जोड लागते. जीवनसत्त्वे ही बहुधा अशा साहाय्यकांची भूमिका बजावतात. त्यांची गरज अत्यल्प असते, पण ती टाळता येत नाही. जिवाणूलाही हाच नियम लागू आहे.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू यासाठी उत्तम उदाहरण ठरतो. तो थायमिन, रायबोफ्लेविन, बायोटिन अशी अनेक जीवनसत्त्वे स्वतः बनवतो. बी-१२ मात्र मुळापासून बनवू शकत नाही. मेथिओनिन हे अमिनो आम्ल तयार करण्यासाठी त्याच्याकडे दोन विकरे आहेत. 'मेट-एच' हे विकर बी-१२च्या मदतीने वेगाने काम करते. 'मेट-ई' या दुसऱ्या विकराला बी-१२ लागत नाही. पण ते इतके मंद आहे, की काम भागवण्यासाठी पेशीला त्याचा मोठा साठा तयार करावा लागतो. शिवाय आतड्यात उपलब्ध होणाऱ्या इथेनॉलअमाइन या पदार्थाचा अन्न म्हणून उपयोग करून घ्यायचा, तर बी-१२ अनिवार्य ठरते. म्हणजे या जिवाणूला बी-१२ शिवाय जगता येते, पण ते मिळाले तर त्याचा संसार फार काटकसरीत चालतो. बाहेरून ते आणण्यासाठी एवढी यंत्रणा बाळगण्यामागचे कारण हे आहे.

अडचण अशी, की ई. कोलाय हा दोन पटलांचा जिवाणू आहे. बाहेरचे एक पटल, आतले एक पटल आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद पोकळी, असे त्याचे आवरण असते. बाह्यपटलात 'पोरिन' नावाच्या प्रथिनांची असंख्य छिद्रे असतात. साधारणपणे ६०० पर्यंत रेणुभार असलेले पदार्थ त्यांतून आपोआप आत येतात. बायोटिनचा रेणुभार २४४, रायबोफ्लेविनचा ३७६, फॉलिक आम्लाचा ४४१ आहे. बी-१२चा रेणुभार मात्र १३५५ आहे. गडाच्या महादरवाजातील दिंडी माणसांपुरती असते. अंबारीसह हत्ती तिच्यातून जात नाही. बी-१२साठी स्वतंत्र दरवाजा लागतो आणि तो उघडण्यासाठी बळही लागते. त्यातच भोवतालच्या द्रवात बी-१२चे प्रमाण अत्यंत कमी असते. म्हणून या दरवाजाला विरळ रेणू ओळखून, पकडून, साठ्याच्या उलट दिशेने आत ढकलावे लागतात.

यकृतापासून जिवाणूपर्यंत

बी-१२च्या शोधाचा इतिहास रक्तक्षयाच्या एका घातक प्रकाराशी जोडलेला आहे. जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी १९२६ मध्ये दाखवून दिले, की भरपूर प्रमाणात यकृत खाऊ घातल्यास असे रुग्ण बरे होतात. जॉर्ज व्हिपल यांच्यासह या दोघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील तो गुणकारी घटक वेगळा काढण्यास मात्र १९४८ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील मर्क आणि ब्रिटनमधील ग्लॅक्सो या कंपन्यांच्या संशोधकांनी त्या वर्षी त्याचे लाल स्फटिक मिळवले.

या शोधात एका जिवाणूचा वाटा मोठा होता. अर्क किती गुणकारी आहे हे रुग्णावर प्रयोग करून ठरवणे हे वेळखाऊ काम होते. मेरी शॉर्ब यांनी 'लॅक्टोबॅसिलस लॅक्टिस डॉर्नर' हा जिवाणू वापरून सोपी कसोटी शोधली. अर्कात जेवढा गुणकारी घटक जास्त, तेवढी या जिवाणूची वाढ अधिक. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात पाहिले, तर या कसोटीचा अर्थ आणखी खोल लागतो. द्रवातील नगण्य प्रमाणातले जीवनसत्त्व टिपून आत घेणारी यंत्रणा त्या जिवाणूपाशी होती, म्हणूनच ती कसोटी यशस्वी झाली.

फॉलिक आम्लाच्या कथेचा प्रारंभ तर मुंबईतच झाला. ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधिका १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे स्पष्ट झाले. तेही अनेक जिवाणूंच्या वाढीसाठी आवश्यक असते.

बी-१२च्या रेणूची रचना ब्रिटनच्या डोरोथी हॉजकिन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्यांना १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोबाल्ट धातूचा अणू मध्यभागी, त्याभोवती 'कॉरिन' नावाचे कडे आणि खालच्या बाजूस एक शेपूट, असा हा रेणू आहे. ही शेपूट पुढे आपल्या कथेत पुन्हा येणार आहे.

बाह्यपटलावरील दरवाजा

ई. कोलायच्या बाह्यपटलावर बी-१२ टिपणाऱ्या प्रथिनाला 'बीटीयू-बी' म्हणतात. 'बी-ट्वेल्व्ह अपटेक' म्हणजे बी-१२चे ग्रहण, या शब्दांवरून हे नाव आले. व्हर्जिनिया विद्यापीठातील रॉबर्ट कॅडनर आणि क्लाइव्ह ब्रॅडबीर यांनी १९७० च्या दशकापासून या वाहतुकीचा पाया घालणारे संशोधन केले. एका पेशीवर बीटीयू-बीचे रेणू केवळ दोनशेच्या आसपास असतात, हेही अशाच संशोधनातून समजले. त्याच विद्यापीठातील मायकेल वीनर यांच्या गटाने २००३ मध्ये कॅडनर यांच्या सहकार्याने या प्रथिनाची त्रिमित रचना प्रसिद्ध केली.

ही रचना पिंपासारखी आहे. प्रथिनाच्या साखळीच्या २२ पट्ट्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि त्यांचे एक पोकळ पिंप तयार होते. हे पिंप पटलात आरपार बसलेले असते. ते नुसतेच पोकळ असते, तर त्यातून हवे-नको ते सारेच आत शिरले असते. म्हणून त्याच्या पोकळीत एक बूच बसवलेले आहे. विशेष म्हणजे हे बूच वेगळे प्रथिन नसून त्याच साखळीच्या सुरुवातीच्या सुमारे १३० अमिनो आम्लांची घडी आहे.

पिंपाच्या बाहेरच्या तोंडाशी साखळीचे काही लवचीक फास डोकावत असतात. कॅल्शियमचे आयन चिकटले, की हे फास आपापल्या जागी स्थिर होतात आणि बी-१२चा रेणू बसेल असा खळगा तयार होतो. खळग्याचा काही भाग या फासांचा, तर काही भाग बुचाच्या वरच्या पृष्ठाचा असतो. कॅल्शियमच्या उपस्थितीत ही पकड फार घट्ट असते. द्रवात एका लिटरला एक नॅनोमोलहूनही कमी, म्हणजे साधारण एका मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असले, तरी बीटीयू-बी ते पकडू शकते.

बळ येते कोठून?

रेणू पकडला; पण बूच हलणार कसे? त्यासाठी ऊर्जा हवी. पेशीचे ऊर्जा-चलन असलेले एटीपी बाह्यपटलापाशी पोहोचत नाही. तेथे ऊर्जेचा कोणताही स्थानिक स्रोत नाही. जिवाणूने यावर काढलेला तोडगा थक्क करणारा आहे. ऊर्जा अंतर्पटलापाशी घ्यायची आणि पोकळी ओलांडून ती यांत्रिक ओढीच्या रूपाने बाह्यपटलापर्यंत पोहोचवायची.

हे काम 'टॉन-बी', 'एक्स-बी-बी' आणि 'एक्स-बी-डी' या तीन प्रथिनांचा संच करतो. अंतर्पटलाच्या बाहेरच्या बाजूस प्रोटॉन अधिक आणि आतल्या बाजूस कमी असतात. धरणाच्या पाण्याप्रमाणे या फरकात ऊर्जा साठलेली असते. एक्स-बी-बीचे पाच रेणू वर्तुळाकार उभे राहून एक नळी बनवतात आणि तिच्यात एक्स-बी-डीचे दोन रेणू बसतात, असे अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले आहे. प्रोटॉन आत येताना या संचाला चालना मिळते आणि ती टॉन-बी या लांबट प्रथिनाकडे जाते. टॉन-बीचे एक टोक अंतर्पटलात रुतलेले, तर दुसरे पोकळी ओलांडून बाह्यपटलापर्यंत पोहोचलेले असते.

बीटीयू-बीच्या बुचाला आतल्या बाजूस एक छोटी शेपटी असते, तिला 'टॉन-पेटी' म्हणतात. बी-१२ बाहेरून खळग्यात बसले, की त्याची वर्दी बुचामार्फत आत जाते आणि ही शेपटी पोकळीत लोंबू लागते. टॉन-बी तिला पकडते. या दोघांच्या मिठीचे चित्र २००६ मध्ये वीनर यांच्याच गटाने प्रसिद्ध केले. टॉन-बीने शेपटी ओढली, की बुचाचा काही भाग उलगडतो आणि बी-१२ला वाट मिळते. एकेका रेणूवरील ओढ मोजणाऱ्या उपकरणाने केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही हेच दिसले. ओढ दिल्यावर बूच सबंधपणे बाहेर न पडता त्याचा एक भागच उलगडतो आणि तेवढी फट बी-१२ला पुरते.

टॉन-बी या नावामागेही इतिहास आहे. जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या 'टी-वन' नावाच्या विषाणूला दाद न देणारे उत्परिवर्तित जिवाणू अभ्यासताना हे जनुक हाती लागले आणि त्याला 'टी-वन' वरून 'टॉन' नाव मिळाले. साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगातही याच विषाणूचा वापर झाला होता.

दुसरा टप्पा : अंतर्पटल

बाह्यपटल ओलांडले, की बी-१२चा रेणू मधल्या पोकळीत येतो. तेथे 'बीटीयू-एफ' हे प्रथिन त्याची वाट पाहत असते. दोन पाळ्या आणि त्यांना जोडणारा ताठ कणा, अशी त्याची घडण आहे. दोन पाळ्यांमधील खाचेत बी-१२ धरून ते अंतर्पटलावरील यंत्रापाशी नेऊन पोहोचवते.

अंतर्पटलावरचे हे यंत्र 'बीटीयू-सीडी' या नावाने ओळखले जाते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील कास्पार लोखर, ॲलन ली आणि डग्लस रीस यांनी २००२ मध्ये त्याची रचना ३.२ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने उलगडली. सर्व सजीवांत आढळणाऱ्या 'एबीसी' या वाहक-कुळातील संपूर्ण यंत्राचे ते एक सुरुवातीचे आणि मार्गदर्शक चित्र ठरले. कर्करोगाच्या पेशीतून औषध बाहेर फेकणारी काही प्रथिनेही याच कुळातील आहेत. त्यामुळे या चित्राचे महत्त्व एका जिवाणूपुरते मर्यादित राहिले नाही.

या यंत्राचे चार भाग आहेत. बीटीयू-सीचे दोन रेणू पटलात बसतात. प्रत्येकाची साखळी दहा वेळा पटल ओलांडते. म्हणजे एकूण वीस मळसूत्रांची भिंत उभी राहते आणि तिच्या मध्यातून बी-१२चा मार्ग जातो. बीटीयू-डीचे दोन रेणू पटलाच्या आतल्या बाजूस असतात आणि एटीपीचे विघटन करून ऊर्जा पुरवतात. बीटीयू-एफ वरून येऊन या चौकडीवर टोपीसारखे बसते.

लोखर यांनी पुढे झुरिच येथील ईटीएच या संस्थेत हे काम नेटाने चालू ठेवले. यंत्र वेगवेगळ्या क्षणी कसे दिसते, याची चित्रे मिळत गेली. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने एटीपीसारखा दिसणारा पण न तुटणारा रेणू वापरून यंत्राला मधल्याच अवस्थेत थांबवले. त्या चित्रात मार्गाच्या मध्यभागी बी-१२ मावेल एवढी पोकळी होती आणि तिची वरची व खालची अशी दोन्ही दारे बंद होती. कालव्यातील जहाज जसे एका बाजूचे दार बंद झाल्यावरच दुसरे उघडून पुढे सोडतात, तसाच हा प्रकार. दोन्ही दारे एकाच वेळी कधीच सताड उघडत नाहीत, म्हणून पटलाच्या दोन्ही बाजूंच्या आयनांचा तोल ढळत नाही आणि पेशी सुरक्षित राहते.

पुरे झाले, हे कसे कळते?

आत पुरेसे बी-१२ साठल्यावरही दरवाजे बनवत राहणे हा अपव्यय ठरेल. दरवाजांचे उत्पादन थांबवण्याची सोय बीटीयू-बीच्या जनुकापासून निघणाऱ्या संदेशवाहक आरएनएमध्येच आहे. या आरएनएचा सुरुवातीचा भाग घडी घालून एक खाच तयार करतो. पेशीत बी-१२चे 'अ‍ॅडेनोसिल' रूप वाढले, की ते या खाचेत बसते, आरएनएची घडी बदलते आणि पुढील प्रथिननिर्मिती बंद पडते. येल विद्यापीठातील रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने २००२ मध्ये हे सिद्ध केले. अशा व्यवस्थेला 'रायबोस्विच' हे नाव मिळाले. कोणत्याही प्रथिनाच्या मध्यस्थीशिवाय आरएनए स्वतःच रेणू ओळखू शकतो, हे या शोधाने दाखवून दिले. सजीवांच्या उगमाचा विचार करणाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

एकाच पटलाच्या जिवाणूंची रीत

दह्यातील लॅक्टोबॅसिलस, घशाचे व फुप्फुसाचे विकार करणारे स्ट्रेप्टोकॉकस, जखमेतील स्टॅफिलोकॉकस यांना बाह्यपटल नसते. त्यांच्यापैकी अनेकांना बरीच जीवनसत्त्वे बाहेरून घ्यावी लागतात. त्यांनी वेगळी रीत अवलंबिली आहे. तिला 'ईसीएफ' वाहक म्हणतात.

या वाहकांचा सुगावा १९७० च्या दशकात लागला. अमेरिकेतील गॅरी हेंडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांना 'लॅक्टोबॅसिलस केसाय' या जिवाणूत असे आढळले, की फॉलेट, थायमिन आणि बायोटिन यांना ओळखणारी प्रथिने वेगवेगळी असली, तरी त्यांना एक घटक सामाईक लागतो. एका जीवनसत्त्वाची आवक वाढली, की दुसऱ्याची मंदावते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा रेणवीय अर्थ उलगडण्यास सुमारे तीन दशके जावी लागली.

आज चित्र असे आहे. ऊर्जा पुरवणारे इंजिन एकच. त्यात एटीपी वापरणारी दोन प्रथिने आणि त्यांना पटलाशी जोडणारे तिसरे. या इंजिनाला आलटून पालटून वेगवेगळे डबे जोडले जातात. रायबोफ्लेविनसाठी 'रिब-यू', थायमिनसाठी 'थाय-टी', बायोटिनसाठी 'बायो-वाय', फॉलेटसाठी 'फॉल-टी'. हे ओळख पटवणारे घटक लहान असतात, पण त्यांची पकड विलक्षण घट्ट असते. रिब-यूची रचना २०१० मध्ये, थाय-टीची २०११ मध्ये आणि संपूर्ण ईसीएफ यंत्राची २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

संपूर्ण यंत्राच्या चित्राने संशोधकांना चकित केले. ओळख पटवणारा घटक पटलात उभा असायला हवा होता. येथे तो चक्क आडवा पडलेला दिसला. त्यावरून पुढे आलेली आणि आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली कल्पना अशी : हा घटक उभा असताना बाहेरून जीवनसत्त्व पकडतो आणि इंजिनाशी जोडला गेल्यावर पटलातच कोलांटी घेतल्यासारखा आडवा होतो. त्यामुळे जीवनसत्त्व धरलेली बाजू आतल्या दिशेला वळते आणि ते पेशीत सोडले जाते. विहिरीच्या रहाटावरील पोहरा वर येऊन कलंडतो आणि पाणी सांडतो, तसाच हा प्रकार. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील डर्क स्लोटबूम यांच्या गटाचा या संशोधनात मोठा वाटा आहे. माणसाच्या शरीरात ईसीएफ वाहक नाहीत. साहजिकच नव्या प्रतिजैविकांसाठी लक्ष्य म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते.

सर्वच जीवनसत्त्वांना एवढा खटाटोप लागतो असे नाही. पॅन्टोथेनिक आम्लाचा लहान रेणू ई. कोलायचे 'पॅन-एफ' हे प्रथिन सोडियमच्या आयनांसोबत आत घेते. तेथे एटीपी लागत नाही. सोडियमच्या ओघाचे बळ पुरते.

शत्रूही याच दाराने

जो दरवाजा आपल्यासाठी उघडतो, तो शत्रूलाही ठाऊक होतो. बीटीयू-बीच्या बाबतीत हेच घडले. 'बीएफ-२३' हा विषाणू ई. कोलायवर उतरताना बीटीयू-बीचाच आधार घेतो. एका जातीचे जिवाणू आपल्याच जवळच्या नातलगांना मारण्यासाठी 'कोलिसिन' नावाची विषारी प्रथिने सोडतात. त्यांतील 'ई' गटाचे कोलिसिन प्रथम बीटीयू-बीला चिकटतात आणि मग शेजारच्या पोरिनच्या छिद्रातून आपली साखळी आत सोडतात. आत शिरल्यावर कोलिसिन ई-३ हे पेशीच्या प्रथिननिर्मितीच्या यंत्रावर घाव घालते, तर ई-९ हे डीएनएचे तुकडे करते. बीटीयू-बी गमावलेला जिवाणू या हल्ल्यांतून वाचतो खरा, पण बी-१२ला मुकतो.

आतड्यातील ओढाताण

हा विषय आपल्या पोटाशी येऊन भिडतो तो येथे. माणसाच्या आतड्यात असंख्य जिवाणू आहेत आणि त्यांतील बहुतेकांना बी-१२ किंवा त्याची भावंडे हवी असतात. 'बॅक्टेरॉइडिस थेटायओटाओमायक्रॉन' या आतड्यातील सामान्य रहिवाशाकडे बीटीयू-बीसारखे एक नव्हे, तर तीन दरवाजे आहेत. त्यांपैकी प्रत्येकाची पसंती वेगळी. बी-१२च्या भावंडांमध्ये मुख्य फरक असतो तो त्या खालच्या शेपटीत. तो फरक हे दरवाजे ओळखतात. येल विद्यापीठातील अँड्र्यू गुडमन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की उंदराच्या आतड्यात कोणता जिवाणू टिकेल आणि कोणता मागे पडेल, हे काही अंशी या दरवाजांवर ठरते.

याच गटाने २०१८ मध्ये 'बीटीयू-जी' या प्रथिनाचे वर्णन केले. ते बॅक्टेरॉइडिसच्या पृष्ठभागावर बाहेर असते आणि बी-१२ला इतके घट्ट धरते, की आपल्या शरीरातील 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर' या वाहक प्रथिनाच्या हातूनही ते हिसकावून घेऊ शकते. इन्ट्रिन्सिक फॅक्टर जठरात तयार होते आणि बी-१२ला सोबत घेऊन लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जाते. तेथेच बी-१२ रक्तात शोषले जाते.

म्हणून जिवाणू आपले बी-१२ पळवतात काय? निरोगी माणसात सहसा नाही. कारण बहुतांश जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात आणि तोवर शोषण उरकलेले असते. परंतु एखाद्या आजारामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे लहान आतड्यातच जिवाणू बेसुमार वाढले, तर बी-१२ची खरोखर कमतरता निर्माण होते, हे डॉक्टरांना दीर्घकाळ माहीत आहे. याच भूगोलामुळे आणखी एक विसंगती उद्भवते. मोठ्या आतड्यातील काही जिवाणू बी-१२ बनवतात, पण शोषणाची जागा मागे राहून गेल्यामुळे त्याचा आपल्याला फारसा उपयोग होत नाही.

शाकाहारी वाचकांनी शेपटीचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत बी-१२ असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांत मुख्यतः वेगळ्या शेपटीचा 'छद्म' बी-१२ असतो. बॅक्टेरॉइडिसचे दरवाजे अनेक भावंडांना आत घेतात. आपले इन्ट्रिन्सिक फॅक्टर मात्र सोवळे पाळणारे आहे. शेपूट बदललेला रेणू ते नीट धरत नाही. तेव्हा अशा गोळ्यांवर विसंबून राहणे योग्य नव्हे. दूध-दही नियमित घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गरजेनुसार बी-१२ घेणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

क्षयाचा जिवाणू

क्षयरोगाच्या जिवाणूत बीटीयू-बीसारखा दरवाजा किंवा बीटीयू-सीडीसारखे यंत्र आढळत नाही. तरीही तो बी-१२ आत घेतो. हे कोडे २०१३ मध्ये सुटू लागले. दक्षिण आफ्रिकेतील व्हॅलेरी मिझराही, डिग्बी वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आरव्ही-१८१९-सी' या प्रथिनाकडे बोट दाखवले. ते एबीसी कुळातील असले, तरी त्याचे रूप बाहेर टाकणाऱ्या वाहकांसारखे आहे. ग्रोनिंगेनच्या गटाने २०२० मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा पटलाच्या आरपार पसरलेली, पाण्याने भरलेली एक प्रचंड पोकळी दिसली. या पोकळीत बी-१२च काय, 'ब्लिओमायसिन'सारखे मोठे रेणूही मावतात. चोखंदळ पकड नसलेला, पाण्यात विरघळणारे नाना पदार्थ आत घेणारा असा वाहक विरळाच. ज्या देशात क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्या आपल्या देशासाठी औषध आत नेण्याची ही संभाव्य वाट निश्चितच अभ्यासण्याजोगी आहे.

औषधांसाठी चोरवाट

प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू ही आज जगभरातील वैद्यकापुढील मोठी समस्या आहे. दोन पटलांच्या जिवाणूंत ती अधिक बिकट होते; कारण अनेक औषधे बाह्यपटलापाशीच अडतात. अशा वेळी वाहक प्रथिनांचा दरवाजा वापरून औषध आत पाठवण्याची कल्पना पुढे आली.

निसर्गाने ही युक्ती आधीच वापरलेली आहे. फिलिपिन्समधील दावाओ येथील मातीतून मिळालेला 'स्ट्रेप्टोमायसिस दावावेन्सिस' हा जिवाणू 'रोझिओफ्लेविन' नावाचा पदार्थ तयार करतो. तो रायबोफ्लेविनसारखाच दिसतो. रायबोफ्लेविनचे वाहक त्याला आपला समजून आत घेतात आणि आत शिरताच तो पेशीचे काम बिघडवतो.

माणसाने तयार केलेल्या औषधांत 'सेफिडेरोकॉल' हे याचे उदाहरण आहे. त्याला लोह पकडणारी एक कडी जोडलेली आहे. टॉन-बीच्या बळावर चालणारे लोहाचे वाहक, म्हणजे बीटीयू-बीचे सख्खे नातलग, हे औषध लोहासह आत ओढून घेतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली. बी-१२च्या बाबतीत असे औषध अद्याप आलेले नाही. मात्र जनुकाचे कार्य रोखणारे कृत्रिम रेणू बी-१२ला जोडले असता ते ई. कोलायच्या आत पोहोचतात, हे पोलंडमधील वॉर्सा येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले आहे.

या युक्तीला मर्यादाही आहे. जिवाणू दरवाजात बदल करून औषध टाळू शकतात आणि सेफिडेरोकॉलच्या बाबतीत असे बदल आढळलेही आहेत. पण दरवाजा बंद केला, की पोषणही बंद होते. ही किंमत जिवाणूला किती काळ परवडेल, यावर या औषधांचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील.

एका पेशीवरील सुमारे दोनशे दरवाजे, त्यांना ओढणारी प्रथिनांची साखळी, पोकळीत वाट पाहणारा बीटीयू-एफ आणि दोन दारांचे यंत्र, एवढा सरंजाम जिवाणूने एका लाल रेणूसाठी उभारला आहे. तो रेणू आपल्यालाही तितकाच हवा असतो. आपली रोजची गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे. पण ती भागली नाही, तर रक्त आणि मज्जातंतू दोन्हींवर परिणाम होतो. रक्ततपासणीच्या अहवालातील त्या एका ओळीमागे हा सारा व्यवहार उभा असतो.